आमच्या गल्लीचा आकडा

हैदराबाद,
२९ सप्टेंबर २००१

ती. शांभवीआत्यास,
नित्याचा साष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "इथे काही झालं नाही, तू जेवलीस का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास. एवढ्या माहितीवर माझं काम भागणार नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू ओरडतेस आणि मला काही कळत नाही. शिवाय आमच्या सरांना सगळं लिहिलेलं हवं असतं.

मंगळवारी संध्याकाळी पुदुच्चेरीसमोर समुद्राखाली भूकंप झाला. मद्रासपासून खाली किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांना जाणवला. जानेवारीत भूजचं झाल्यापासून आमच्या कचेरीत कुणी खुर्ची सरकवली तरी सगळ्यांच्या माना वर होतात. आता कुठे किती हललं याचा नकाशा करायचा आहे. कावेरीच्या मुखाकडचा सगळा भाग मी चिदंबर सरांकडून मागून घेतला. म्हटलं, तिथे माझी माणसं आहेत, मला खरं सांगतील. सर हसले. म्हणाले, "आपली माणसं आपल्याला खरं सांगतात, हे कुणी सांगितलं तुला?" शेवटी तयार झाले, पण अट घातली. माहिती विश्वासाची निघाली तर नकाशाखाली माझं नाव येईल, नाहीतर तो भाग दुसऱ्याकडे जाईल. तीन वर्षं मी इतरांच्या नकाशांत रंग भरते आहे. हा माझा पहिला असेल, आणि तोही आपल्या गावाचा.

तू विचारशील, मोजायला यंत्रं नाहीत का? आहेत. पण यंत्र भूकंप केवढा झाला ते सांगतं, आणि तो आकडा सगळ्यांना मिळून एकच. कुठल्या गावात किती हललं ते गावागणिक वेगळं असतं. ते माणसांना आणि त्यांच्या भांड्याकुंड्यांनाच विचारावं लागतं. त्याचे आकडे एक ते बारा. टांगलेली वस्तू हलली तर तीन, भांडी खडखडली तर चार, फळीवरच्या वस्तू खाली आल्या तर पाच, गिलावा तडकला तर सहा. त्याच्या वरचं तुम्हांला कधी न कळो.

तर त्या वेळी तू कुठे होतीस, काय हललं, काय पडलं, सगळं लिही. तिरुवैयाऱ्याला सीतारामकाकांनाही लिहिलं आहे.

तुझी,
नित्या

*

तंजावर,
५ ऑक्टोबर २००१

चि. नित्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अक्षर बिघडले आहे. पाच वर्षे माझ्या घरी राहून माझ्याच हाताखाली देवनागरी शिकलीस, ती ह्यासाठी नव्हे.

तंजावरला शून्य लिही. एकपासून सुरू होत असेल तर एक लिही आणि वर लिही की नाइलाजाने दिला. आमचे मोठे देऊळ हजार वर्षे उभे आहे, त्याला तुमचा समुद्रातला भूकंप काय करणार? उद्या कुणी तुझा नकाशा पाहील आणि म्हणेल, तंजावर हलले. मग आपल्या लोकांची काय शोभा राहिली? पडझडीचे मार्क घ्यायला आम्ही काही नापास गाव नाही.

सीताराम परवा आला होता. तिरुवैयाऱ्याला जणू प्रलय झाला असे सांगत होता. माझा धाकटा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याच्या सारंगीपेक्षा जीभ जास्त चालते. त्याचे ऐकू नकोस.

तू विचारतेसच म्हणून लिहिते. करंट गेलेला होता. मी दिवा लावून हॉलमध्ये आले. पायाखाली क्षणभर काहीतरी गुरगुरल्यासारखे झाले, मला वाटले लॉरी जाते आहे. फळीवर आपली तलैयाट्टी बोम्मै आहे ना, राजा-राणीची जोडी, तुझ्या पणजीच्या लग्नातली? बुडाशी गोल आणि जड, ढकलली की झुकते आणि पुन्हा उभी राहते, लहानपणी तू तिला थपडा मारून रडवायला बघायचीस ती. पंखा बंद, वारा नाही, तरी राणी भिंतीच्या कोपऱ्यात कितीतरी वेळ डोलत होती. काय कुंभाराचा हात असेल बघ, शंभर वर्षांनीही झुकेल पण पडणार नाही. आमचे घरही तसेच आहे. एक चमचा जागचा हलला नाही.

नवरात्रातला बाहुल्या मांडायचा कोलू जवळ आला आहे. तुला रजा नाही हे माहीत आहे, तरी विचारते. येतेस?

तुझी आत्या,
शांभवी

*

हैदराबाद,
१० ऑक्टोबर २००१

ती. शांभवीआत्यास,
सा. न.

आत्या, तुला कळलंच नाही तू मला काय दिलंस! वारा नसताना राणी डोलली, हे चिदंबर सरांनी दोनदा वाचून घेतलं. तंजावरला तीन. पंख्याखाली झुलणारा कॅलेंडरचा कागद सगळेच सांगतात, पण करंट नसताना डोललेली बाहुली कुणी सांगितली नव्हती. राणीला माझा मुजरा सांग.

रजा नाही गं. आणि हे मार्क नाहीत. हललं म्हणून गाव नापास होत नाही. मी समजावते, तू शाळेत आम्हांला समजवायचीस तसं.

आपण ज्यावर घरं बांधतो ते पृथ्वीचं कवच अगदी पातळ आहे, आटवलेल्या दुधावरच्या सायीएवढं. ते अखंडही नाही, मोठमोठ्या तुकड्यांत फुटलेलं आहे. त्याच्या खाली जाडच जाड तापलेला खडक, तो लाखो वर्षांच्या हिशेबात मेणासारखा हळूहळू सरकतो. आणि अगदी आत लोखंडाचा गाभा, बाहेरून वितळलेला आणि मध्यभागी घट्ट. वरचे तुकडे सरकतात. आपला भारताचा तुकडा उत्तरेला आशियाला रेटतो आहे, त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. तो रेटा आपल्या तुकड्याच्या अंगभर पसरतो. मग एखादी जुनी भेग, किनाऱ्याकडचीसुद्धा, कधीतरी दाब सोसेनाशी होऊन सटकते. मंगळवारी तेच झालं.

दुसरी गोष्ट देवळाची. तुझं देऊळ थोर आहे, पण त्रिभुज प्रदेश म्हणजे कावेरीने आणून टाकलेला गाळ, खोलच्या खोल. एका टेबलावर जातं ठेव आणि शेजारी ताटात केसरीचा मऊ शिरा ठेव. टेबलाला धक्का दिलास तर काय जास्त थरथरेल? मऊ जमीन जास्त हलते, यात तिची काही चूक नाही.

काकांचं पत्र आलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नारळाचे शेंडे जमिनीला टेकले आणि कावेरी काठाबाहेर उडाली. निदान सात तरी दे, असं लिहिलं आहे. खाली काकूने दोन ओळी घातल्या आहेत, "हे त्या वेळी तंजावरहून येणाऱ्या बसमध्ये झोपले होते. घरात भांडी खडखडली, मी पाहिले." काकूच्या भांड्यांवर तिरुवैयाऱ्याला चार दिले.

सर म्हणतात, एका घरावर एवढं मोठं शहर उभं करता येणार नाही. आणखी घरं हवीत. कुणाला विचारता येईल का?

तुझी,
नित्या

*

तंजावर,
२९ ऑक्टोबर २००१

चि. नित्यास अनेक आशीर्वाद.

तिरुवैयाऱ्याला चार आणि तंजावरला तीन? हे मी वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. मार्क नाहीत म्हणतेस, पण सीतारामने कोलूच्या तोंडावरच हॉलमध्ये बसून, माझ्याच घरची कॉफी पीत, "अक्का, आमचे चार हं" असे ऐकवले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे हे मला मान्य नाही, पण न्याय म्हणून काही असतो की नाही?

तेव्हा मी स्वतः बाहेर पडले. कोलूचे दिवस होते. ह्या दिवसांत कोणाच्याही घरी जाता येते. तुला ठाऊकच आहे, हळदीकुंकू लावावे, गाणे म्हणावे, सुंडलाची उसळ खावी आणि निघावे. मी आणखी एक गोष्ट वाढवली. गाणे झाले की विचारायचे, "त्या मंगळवारी तुमच्या बाहुल्यांचे काय झाले?" आपल्याकडे घरोघरी कोलूच्या बाहुल्या, बहुतेक घरी डोलणारी एक तरी बोम्मै. बायकांना नवरा घरी किती वाजता आला ते सांगता येणार नाही, पण कुठली बाहुली कुठे होती ते अचूक सांगता येते. प्रत्येक घरचे मी घरी येऊन लिहून काढले, सोबत पाठवले आहे. सुंडल खाऊन पोट बिघडले, ते लिहिले नाही.

आता ऐक. राजवाड्याकडच्या चढावरच्या घरांत बाहुल्या नुसत्या डोलल्या. कुणाचे काही पडले नाही. आणि आमच्या गल्लीत? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांवरून वस्तू खाली आल्या. शेषम्मांचा पितळी कृष्ण धान्याच्या डब्यात जाऊन पडला. समोरच्यांची दशावताराची रांग कोसळली, वामन तेवढा वाचला. मला नवल वाटले. एकाच गावात चढावर एक आणि आमच्याकडे एक, असे कसे? शेषम्मा ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, ही गल्ली कुठे होती? इथे किल्ल्याचा खंदक होता. माझ्या सासूने त्यात कमळे पाहिली होती. मागाहून माती टाकून बुजवला." आणि आपण इतकी वर्षे किल्ल्याच्या मातीवर राहतो म्हणून ताठ मानेने सांगत आलो!

तुझी केसरी आठवली. खंदकाची माती म्हणजे केसरीच नाही का?

आमच्या घराचे तू तीन लिहिलेसच, ते तसेच असू दे.

आमचा कोलू चांगला झाला. ह्या वर्षी राणी एकटीच बसवली होती. बायका विचारायच्या, राजा कुठे? मी म्हटले, मोहिमेवर गेला आहे. सगळ्या हसल्या.

तुझा तो लोखंडाचा गाभाही मी सर्वांना सांगितला. म्हटले, पृथ्वी म्हणजे आपली तलैयाट्टी बोम्मैच. जड ते सगळे आत.

तुझी आत्या,
शांभवी

*

हैदराबाद,
६ नोव्हेंबर २००१

ती. शांभवीआत्यास,
सा. न.

तुझे कागद मी कचेरीत सगळ्यांना दाखवले. आमच्याकडे जीप घेऊन माणसं गावोगाव जातात आणि लोक त्यांना पाणी देऊन वाटेला लावतात. तू सुंडल खाऊन अख्खं गाव गोळा केलंस. मला इतका अभिमान वाटला की दुपारी डबा खायचा राहिला. बाहुल्या डोलल्या की पडल्या, हा एकच प्रश्न सगळ्यांना विचारायची युक्ती सरांनाही आवडली.

पण एक अडचण आली, ती सांगते. तुझ्या गल्लीत सगळ्या घरांना पाच येतात. मधल्या एका घराला तीन. म्हणजे तुझ्या घराला. सरांनी विचारलं, "माती एकच, घरं सारखी, मग ह्या घरात काहीच कसं पडलं नाही? यातलं खरं कोण?" आत्या, मी क्षणभरही विचार केला नाही. मी म्हटलं, मधलं घर खरं. दुसरीत असताना शेजारच्या मुलीचं बघून मी एक बेरीज लिहिली होती, तेव्हा माझ्या आत्याने बरोबर उत्तराचे मार्क कापले होते. ती खोटं लिहिणार नाही. बाकीच्या घरांनी काकांसारखं थोडं वाढवून सांगितलं असेल. सणाच्या गप्पांत होतं तसं.

सर हळहळले. खंदकाच्या भरावाची गोष्ट आणि पडलेल्या वस्तू यांचा मेळ त्यांना बसत होता. बुजवलेल्या मातीवर जास्त हलतं हे आपण पुस्तकात वाचतो, इथे ते एका गल्लीत दिसत होतं. ते दाखवता आलं असतं तर उद्या तिथे कुणी माडीवर माडी चढवताना पाया नीट घातला असता. पण खात्री नसलेलं छापायचं नाही, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणून मी ती गल्ली पुसते आहे. सगळ्या तंजावरला सरसकट तीन. दिवाळीनंतर नकाशा छापायला जाईल. सर म्हणाले, बाकीचा भाग चांगला झाला आहे, नाव तुझंच राहील.

तू निराश होऊ नकोस. तिरुवैयाऱ्याचे चार आहेत म्हणून काका मोठे होत नाहीत.

तुझी,
नित्या

*

तंजावर,
१२ नोव्हेंबर २००१

चि. नित्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र आणि सोबतचा खोका स्पीड पोस्टाने पाठवते आहे. आधी खोका उघड, मग पुढे वाच.

भाताच्या तुसात गुंडाळलेला तो आपला राजा आहे.

त्या दिवशी मी दिवा घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा दोघेही डोलत होते. राणी कोपऱ्यात होती, भिंतीला टेकून राहिली. राजा मोकळ्या बाजूला होता. तो झुकायचा, उठायचा, आणि प्रत्येक वेळी बोटभर पुढे सरकायचा. डोलत डोलत तो फळीवरून चालत गेला आणि माझ्या डोळ्यांसमोर खाली पडला. मानेपासून तुटला. बूड शाबूत आहे. वरच्या खणातला तांब्या आणि दोन वाट्याही पडल्या. चमचा जागचा हलला नाही असे लिहिले होते, तेवढे खरे आहे, चमचे डब्यात होते.

का लपवले? आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या प्रत्येकाला आपण त्या राजाला ढकलायला लावले आहे आणि सांगितले आहे, बघा, भोसल्यांबरोबर आलेली माणसे अशी असतात, झुकतील पण पडणार नाहीत. तो राजा पडला हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? त्यात कोलू तोंडावर आलेला, जोडी मोडलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून तुकडे ट्रंकेत ठेवले. माझ्या एका घराने तुझ्या नकाशाचे काय बिघडणार, असे वाटले होते.

काल तुझे पत्र वाचले. तू माझ्या शब्दावर शेषम्मांना खोटे ठरवलेस. सगळ्या गल्लीला खोटे ठरवलेस. मला फार लाज वाटली, नित्या. त्या बायांनी मला कुंकू लावून, पाटावर बसवून, जे घडले ते सरळ सांगितले होते. त्यांच्यात खोटी एकटी मी होते, आणि तू नेमके माझेच खरे मानलेस.

तुझ्या सरांना राजा दाखव. आमच्या घराला पाच लिही. आणि ती गल्ली पुसली असशील तर पुन्हा काढ. फोनही करणार होते, पण तुझे सर लिहिलेलेच मानतात म्हणालीस, म्हणून लिहिले. उद्या सकाळी फोनही करते, ओरडणार नाही.

बेरजेचे मार्क मी कापले होते ते बरोबरच होते. आता माझे काप.

तुझी आत्या,
शांभवी

*

हैदराबाद,
१० जानेवारी २००२

ती. शांभवीआत्यास,
सा. न.

सोबत नकाशाची प्रत आहे. घडी हळू उघड.

कावेरीच्या सगळ्या फाट्यांमध्ये तंजावर शोध. फिक्या रंगात तीन, आणि किल्ल्याच्या कडेने एक बारीक गडद पट्टा, तिथे पाच. ती आपली गल्ली. शेजारी छोट्या अक्षरांत लिहिलं आहे, "जुन्या खंदकाचा भराव." अगदी खाली माझं नाव. त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती सरांनी स्वतः घातली, "तंजावर शहरातील घरोघरची पाहणी, श्रीमती शांभवी, निवृत्त शिक्षिका." मी त्यांना सांगितलं नव्हतं.

राजाचा खोका उघडला तेव्हा सर उठून माझ्या टेबलाशी आले. मग त्यांनी ते गोल बूड टेबलावर ठेवलं आणि बोटाने ढकललं. डोकं नसलेला राजा झुकला आणि उभा राहिला. पुन्हा ढकललं, पुन्हा उभा राहिला. सर म्हणाले, "तुझ्या आत्यांना विचार, हा पडला कुठे? हा तर अजून उभा आहे." आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने मान जोडून दिली आहे. सांधा दिसतो. रंग मारू का विचारत होता, मी नको म्हटलं.

मार्क कापलेले नाहीत. उलट सगळ्या कचेरीत मीच एक आहे, जिच्या आत्याने आपलं नाक खाली करून नकाशा वर ठेवला. हे मी येईल त्याला सांगते.

तुझी,
नित्या

*

तंजावर,
१७ जानेवारी २००२

चि. नित्यास अनेक आशीर्वाद.

नकाशा पोचला. फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे, त्या फळीच्या वर. शेषम्मांना धरून आणून दाखवला. त्यांना नकाशावरची अक्षरे वाचता येत नाहीत, पण गडद पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे कमळे होती." मग गल्लीतल्या बाकीच्या आल्या. प्रत्येकीला मी सांगितले की माझ्याही घरी पाच, राजा पडला होता. कोणी हसले नाही. समोरचीने घरी जाऊन तिचा तुटलेला मत्स्य आणून दाखवला.

पोंगलला सीताराम आला होता. त्याला नकाशाखाली उभे केले. तिरुवैयाऱ्यावर बोट ठेवले, मग आमच्या गल्लीवर. "चार," मी म्हटले, "आणि पाच." तो म्हणाला, "अक्का, बसमध्ये होतो म्हणून. नाहीतर आमचेही..." त्याला आणखी एक वाटी पोंगल वाढली.

समोरच्या रिकाम्या जागेवर बांधायला घेतलेला मनुष्य काल नकाशा पाहून गेला आणि इंजिनियरला घेऊन पुन्हा आला. पायाची पुन्हा खोदाई चालू आहे. सकाळपासून आवाज चालला आहे आणि मला तो गोड लागतो.

राजा परत पाठव. ह्या वर्षीच्या कोलूत तो सर्वांत वरच्या पायरीवर बसेल, राणीच्या शेजारी, सांध्यासकट, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला मी त्याला ढकलायला लावीन. विचारले तर सांगीन की हा पडला, म्हणून आमची गल्ली नकाशावर आहे, आणि नकाशा आमच्या नित्याने काढला आहे.

अक्षर सुधार.

तुझी आत्या,
शांभवी